आधी मूठ, मग खूण

मित्रांनो, हात जरा हळू हलवा, मी दमलोय. ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर टांगलेला एक म्हातारा कॅमेरा आहे मी. अकराच वर्षांचा आहे, पण अकरा वर्षं पापणी न मिटता बघून दाखवा, मग बोलू!

ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांना रोग्याच्या पोटातले फोटो पडद्यावर मागेपुढे करून बघावे लागतात. पण हात असतात निर्जंतुक. माउसला नुसतं बोट लागलं तरी हातमोजे बदला, हात धुवा, सगळं पहिल्यापासून. म्हणून त्यांनी हवेतच खूण करायची, मी ती ओळखायची आणि फोटो हलवायचा.

मला घडवलं एका इंजिनिअर ताईने, ऑफिसात खुर्चीवर बसून. हात लांब फिरवला की पुढचा फोटो, दोन बोटं फाकवली की दुसऱ्या बाजूचा. ऑफिसने टाळ्या वाजवल्या आणि मी हवेत गेलो.

पहिल्याच दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो ताई, इथे हात छाती आणि कंबर यांच्या मध्येच ठेवायचे असतात. मी काय रस्त्यावर रिक्षा थांबवतोय?" सगळे हसले. ताईने कान पकडले आणि नुसतं मनगट वळवण्याची खूण केली. दोन बोटांची मात्र तशीच राहिली.

मग ती नऊ वर्षांची मुलगी आली. तिच्या डाव्या मूत्रपिंडात गाठ होती. डॉक्टरांनी मान खाली ठेवूनच दोन बोटं फाकवली. त्या खोलीत याचा अर्थ एकच : कात्री द्या. सिस्टरनी कात्री हातात ठेवली. आणि मी, आज्ञाधारक गाढव, फोटो बदलून मोकळा! डॉक्टरांनी मान वर केली. कुठली शीर कापायची ते फोटो बघून ठरणार होतं.

"डॉक्टर, थांबा!" सिस्टर ओरडल्या. "फोटो उजव्या बाजूचा आहे. कात्री तुम्ही माझ्याकडे मागितलीत, पण तुमची खूण त्या कॅमेऱ्यानेही ऐकली."

कात्री हवेतच थांबली. मुलगी बरी होऊन आपल्या पायांनी घरी गेली. पण माझ्यावर फडकं पडलं. "हा डबा मला भिंतीवर दिसता कामा नये," डॉक्टर म्हणाले. चूक माझी होती, तक्रार कुणाकडे करणार?

ताई रडली नाही. टोपी-मास्क घालून आठ दिवस कोपऱ्यात उभी राहिली आणि फक्त हात बघत बसली. उघडा तळवा म्हणजे चिमटा, चिमटीत धरल्यासारखी बोटं म्हणजे सुई-दोरा. शेवटी म्हणाली, "इथले हात आधीपासूनच बोलतायत, मीच मध्ये बोंबलले. सिस्टर, असा कुठला हात आहे, ज्याने इथे कुणी काहीच मागत नाही?"

"मूठ," सिस्टर म्हणाल्या. "बंद मुठीत मी काय ठेवणार पोरी, कपाळ माझं?"

ठरलं! आधी मूठ, मग खूण. मूठ दिसली नाही तर मी ढिम्म. डॉक्टरांनी बजावलं, "एक चूक, आणि हा भंगारात." ती एक चूक मी आजवर केलेली नाही.

सुरुवातीला पाहुणे माझे फोटो काढायचे. मग सवय झाली आणि सवयीच्या वस्तूकडे कोण बघतं? कुणीतरी खरखरीत फडक्याने माझी काच घासली, ओरखडे पडले. आता डॉक्टर दोन-दोनदा मूठ करतात आणि पुटपुटतात, "डोळे गेले याचे."

गेल्या महिन्यात सिस्टर निवृत्त झाल्या. जाताना स्टुलावर चढून त्यांनी मऊ कापडाने माझी काच पुसली. मग दारातून माझ्याकडे बघत हात हलवला, लांब, ऐसपैस, अगदी ताईच्या पहिल्या खुणेसारखा. एक तरी फोटो हलवून उत्तर द्यावं, असं फार वाटलं हो. पण मूठ नव्हती. मी काहीच हलवलं नाही.

"शहाणा आहेस," त्या हसून म्हणाल्या आणि गेल्या.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठेपणी माझी भावंडं बनवेल. त्याआधी आठ दिवस कोपऱ्यात उभे राहा आणि हात बघा. आणि आमची काच मऊ कापडानेच पुसा. मला मूठ दिसायला हवी ना!