दोन-चारचा चुडा

केनवडची तुळसाबाई कासारीण नागपूरहून डोक्यात तारा घालून आली, ही बातमी तिच्या आधीच एस.टी.तून उतरली होती. गावानं मग त्या तारांना हवे तसे फाटे फोडले. कोणी म्हणे, तिच्या टाळूला हात लावला तर झटका बसतो. कोणी म्हणे, लाइन गेली की बाई बंद पडते.

खरं होतं ते एवढंच. चार वर्षांपासून काही धरायला गेलं की तुळसाबाईचे हात थरथरत. भरता भरता बांगड्या बायांच्या मनगटावरच फुटू लागल्या. फुटली म्हणू नये, 'वाढली' म्हणावं. पण वाढून वाढून किती वाढणार? बाया मालेगावहून बांगड्या आणू लागल्या. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या मेंदूत दोन बारीक तारा सोडल्या अन् गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, चपटी बॅटरी बसवली. थरथर जिथून उठते तिथं हलकीशी वीज जायची आणि तिला गप्प करायची.

ऑपरेशन चालू असताना तुळसाबाई पूर्ण जागी होती. डॉक्टर म्हणाले, "आजी, कागदावर गोल काढा." पहिला निघाला सुरकुतलेल्या वांग्यासारखा. तार नेमकी जागेवर बसली तशी सहाव्या गोलाला डॉक्टरांच्याच तोंडून "वा!" निघालं.

"वा काय," ती म्हणाली, "हा दोन-चारच्या मापाचा हाय. बारीक हाताच्या पोरीले होते."

आज रंगूबाईच्या निकिताचा चुडा होता, उद्या लग्न. मांडवाखाली बाया दाटीनं बसलेल्या. तुळसाबाईला पक्कं ठाऊक होतं, आज तिच्या हातून एक जरी बांगडी वाढली तर पुन्हा कोणी मनगट पुढं करणार नाही.

निकिता पाया पडून समोर बसली. रंगूबाईनं नव्या बांगड्यांचा डबा सरकवला. तुळसाबाईनं त्यातली एक बोटांत फिरवली, पोरीचा पंजा दाबून पाहिला.

"रंगूबाई, ह्या दोन-आठच्या हायेत."

"असू दे वं. पोट्टी सासरी गेली का भरते अंगानं."

"तवरोक काय बैलाच्या शिंगात घालून ठेवते?"

बाया फिसकन हसल्या. गोमतीबाई शेजारीण मात्र बोलून गेली, "अवो, तुह्यासाठीच मोठ्या आणल्या तिनं. आपसूक जातात. तुह्या हाताले तरास नाई."

तुळसाबाईला ते लागलं. माया होती ती, पण मायेत दया मिसळली की बांगडीही सैल होते.

तिनं पिशवीतून बॅटरीचं लहानसं रिमोट काढलं. "गोमतीबाई, पाण्याचा गिलास आण इकडं."

एका हातात गिलास धरून तिनं बटण दाबलं. घडीभरात हात थडथडू लागला आणि पाणी गोमतीबाईच्या नव्या लुगड्यावर.

"अवो माय! लाइन गेली का काय?"

"गेली नाई, मीच काढली."

"मंग लाव ना, बाप्पा! भिजून राह्यलो आमी!"

बटण पुन्हा दाबलं. गिलासातलं पाणी थांबलं, गाभाऱ्यातली ज्योत थांबते तसं. 

"रोग गेला नाई," तुळसाबाई म्हणाली. "बसला हाय अठीच डोक्यात. पण हे त्याच्या तोंडावर बोट ठेवते."

मग तिनं स्वतःच्या पेटीतला दोन-चारचा हिरवा जोड सोडला आणि निकिताचा पंजा हातात घेतला. अंगठ्याखालचं मऊ मांस दाबत हलकेच गाऊ लागली,

*हिरवी माही बांगडी, पुसे मनगटाची वाट,*
*कासारीण म्हणे बाई, सैल सोड तुहा हात.*

डाव्या हातात अकरा गेल्या. उजव्यात सहा. सातवी अंगठ्याच्या सांध्यावर आली आणि—

कट्.

तुळसाबाईनं आधी स्वतःची बोटं पाहिली. ती स्थिर होती. पण हे सांगायचं कोणाला, आणि ऐकणार कोण?

तेवढ्यात रंगूबाईचा धपाटा निकिताच्या पाठीवर पडला. "हात कायले ओढला वं? कासारीण भरून राह्यली अन् तू नाचून राह्यली!"

"मले गुदगुल्या झाल्या ना, आई!"

"सासूसमोर होऊ दे गुदगुल्या, मंग सांगजो!"

चार वर्षांत बांगडी वाढली की सगळे डोळे तुळसाबाईच्या हातांवर येत. आज हात ओढणाऱ्या पोरीनं बोलणी खाल्ली, रीतीप्रमाणे. तुकडे ताटलीत टाकताना तुळसाबाईला हसू आवरेना. तरी तिनं कासारणीच्या तोऱ्यात डोळे वटारले.

"सैल सोड पोट्टे. अजून पाच भराच्या हायेत."