स्तावांगरला गेलेला डबा

मित्रांनो, पोटात कल्हई आणि पाठीवर कोरलेलं नाव, एवढीच माझी इस्टेट. मी एक जुना पितळी डबा आहे. भंडाऱ्याच्या तांबटानं मला ठोकून घडवलं आणि रुख्माच्या लग्नात तिच्या मामानं मला तिला दिलं. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला तिच्या सासरी माझा मोठा मान होता. शेजारी मी वडे घेऊन जायचो. येताना कधी बोरं, कधी गूळ, काहीच नसलं तर चिमूटभर साखर घेऊन परतायचो. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

गेल्या वर्षी रुख्माची लेक गुंजन नॉर्वेत बाळंत झाली आणि मी रुख्मासोबत थेट समुद्रकाठच्या स्तावांगर शहरात पोहोचलो. तिथं जे पाहिलं त्यानं माझं झाकणच उघडं राहिलं. पाण्यात सरळ उतरलेले कडे, पांढरी लाकडी घरं, बंदरात विकायला ठेवलेले माझ्याएवढे खेकडे! आणि दूर भर समुद्रात म्हणे तेल उपसण्याचे कारखाने. गुंजनचा नवरा ओमेश तिथंच कामाला होता. एकदा गेला की पंधरवडाभर घरी नाही. हे ऐकून रुख्माला धक्काच बसला. तिला धानकापणीला परतायचं होतं. मग ओल्या बाळंतिणीजवळ कोण?

"बाजूले कोण रायते?" तिनं लेकीला विचारलं.

"बेरित म्हणून एक आजी आहे. आमची ओळख हसण्यापुरतीच."

रुख्मानं लगेच लाखोरीच्या डाळीचे वडे तळले आणि मला काठोकाठ भरून बेरितच्या दारी पाठवलं. त्या बाईनं वडे काढून घेतले आणि मला भांडी धुण्याच्या यंत्रात कोंडलं. बापरे, ते कढत पाण्याचे फवारे! त्यापेक्षा तांबटाचा हातोडा परवडला. दुसऱ्या दिवशी तिनं मला दारात आणून दिलं, काळवंडलेला आणि रिकामा.

रुख्मा झाकण काढून बघतच राहिली. "खाली डबा? लेकराच्या घरी कोणी खाली डबा आणून देते का? काऊन, साखरेचा दाणा नव्हता तिच्या घरी?"

"आई, इथं तशी पद्धत नाही. धुऊन दिला ना तिनं."

"पद्धत नसंन, मन तं असंन ना! अशा बाईच्या भरवशावर तुले टाकून जाऊ?"

त्यानंतर मी ओट्यावर नुसता पालथा पडून होतो. निघायचा दिवस आला. ओमेश समुद्रात होता. शेवटी रुख्मानं नाक मुठीत धरून पुन्हा वडे तळले आणि बाळाला घेतलेल्या गुंजनला पुढं करून ती बेरितच्या दारात उभी राहिली.

"सांग तिले, मी जाऊन राहिली. जावई पाण्यात, पोरगी एकटी. जराशी नजर ठेवजो म्हणा."

गुंजननं सांगितलं.  बेरितनं मला घेतलं, आत गेली आणि दार लोटलं. बाहेरून रुख्माचा आवाज मला ऐकू आला, "पाह्यलं? दार लावलं तिनं!"

आत म्हातारीनं वडे ताटलीत काढले, मला फडक्यानं पुसलं आणि माझ्या पोटात काहीतरी थंडगार टाकलं. दार उघडलं. रुख्माच्या हातात जाताना मी खणखणलो. तिनं झाकण काढलं, तर आत किल्ली!

"तिच्या घराची आहे," गुंजन म्हणाली. "म्हणते, रात्री-अपरात्री कधीही ये. बेलसुद्धा वाजवू नको."

रुख्मानं किल्ली मुठीत घट्ट धरली. सख्ख्या जावेलाही तिनं कधी घराची किल्ली दिली नव्हती.

आता मी गुंजनकडेच असतो, ती किल्ली सांभाळत. मित्रांनो, मला चिंचेनं घासा नाहीतर घासू नका, तुमची मर्जी. पण शेजारून भांडं परत आलं, तर त्यात काय आहे ते मागाहून बघा. आधी आणून देणाऱ्याला घरात बोलवा.