आप्पासोंनी स्वतःच्या हातानं फोडलेला साचा

मित्रांनो, माझं गाव विचाराल तर माझ्या पोटावर उठवलेली इंग्रजी अक्षरं बघा. मी विलायतेत ओतलेलं, आगबोटीतून आलेलं तेलावरचं इंजिन. आता म्हातारा, पण चालू. कृष्णाकाठच्या आप्पासोंनी मला उसाला पाणी उपसायला आणलं, तेव्हा पंचक्रोशीत माझ्या जातीचं दुसरं कुणी नव्हतं. आप्पासो शेजाऱ्यांना पाणी देत आणि त्यांच्या उसात वाटा घेत. मला रोज पुसत, आणि कुणी दाराशी आलं की माझ्यावर गोणपाट टाकत. लोक म्हणत, किती ही माया! मला मात्र पहिल्यापासून संशय, की माया माझ्यावर नसून वाट्यावर आहे.

पुढं लढाई लागली आणि बोटीनं सुटे भाग येणं थांबलं. लढाई संपली तरी ते येईनात. शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात माझ्या दात्यांच्या चाकाचे दात मोडले. मी बंद, पाट कोरडा, आणि ऊस पिवळा पडायला लागला.

त्याच सुमारास गावचा कृष्णात पलटणीतून सुटून आला होता. इजिप्तमध्ये लष्कराच्या कारखान्यात एका इटालियन कैद्याकडून तो ओतकाम शिकला होता. गावाबाहेर त्यानं भट्टी घातली होती. आप्पासोंच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या, "कृष्णाताला बोलवा की."

"त्यो माझं इंजिन चोरंल."

"आवं, चार बैलांना वढत न्हाई, त्यो एकटा कसा न्हील?"

"वढून न्हवं. बघून न्हील."

पण ऊस डोळ्यांदेखत वाळत होता. शेवटी कृष्णात आला. आप्पासोंनी अट घातली, "चाक एकच पाडायचं. साचा माझ्यासमोर फोडायचा."

"फोडू की," कृष्णात म्हणाला. "तुमीच फोडा."

माझं मोडकं चाक मापासाठी भट्टीवर गेलं होतं, म्हणून पुढचं मला ठाऊक. कृष्णातनं चाकाचा हुबेहूब लाकडी नमुना कोरला. लोखंड निवताना आकसतं, म्हणून तो केसभर मोठा ठेवला. ही त्या कैद्याची शिकवण. नमुना ओल्या वाळूत दाबून काढून घेतला आणि उमटलेल्या पोकळीत पातळ लोखंड ओतलं. निवल्यावर आप्पासोंनी हातोडा घेतला आणि वाळूचा साचा असा फोडला, की ढेकूळ शिल्लक ठेवलं नाही.

मित्रांनो, वाळूचा साचा दर वेळी फोडावाच लागतो, नाहीतर चाक बाहेर कसं यायचं? मागं राहतो तो लाकडी नमुना. तो कोपऱ्यात उभा होता. घाम आला म्हणून आप्पासोंनी आपला फेटा त्याच्यावरच काढून ठेवला होता.

मी चालू झालो, ऊस वाचला. दोन वर्षांनी नदीपलीकडून माझ्यासारखीच ठकठक ऐकू आली. आप्पासो तडक भट्टीवर गेले.

"माझं चाक इकलंस?"

"चाकच न्हवं. लांबलांबनं कुणी आपला मोडका पिस्टन पाडून घ्याया आणला, कुणी झाकण. समद्यांचं नमुनं ठिवलं, जुळवत जुळवत आख्खं इंजिन झालं."

"साचा तर मी फोडला व्हता."

"लय झ्याक फोडला. माजी तेवडी मेहनत वाचली."

शेजाऱ्यांनी कृष्णातकडून आपापली इंजिनं घेतली, आमचं पाणी घेणं थांबवलं आणि आप्पासोंचा वाटा बुडाला. ते खरंच नुकसान होतं; ते मी लपवणार नाही. त्या पलीकडच्या नकलेचा मलाही भरवसा नव्हता. आवाज घोगरा, अंग ओबडधोबड. म्हटलं, हंगामभर टिकलं तरी पुष्कळ. पण ते टिकलं. पलीकडचं माळरान उसाखाली आलं, गुऱ्हाळं वाढली, आणि मुंबईची वाट धरणारी गावची माणसं भट्टीवर कामाला लागली.

पुढं माझं चाक पुन्हा गेलं. या खेपेला आप्पासो सकाळी भट्टीवर गेले आणि दुपारच्या आत तयार चाक घेऊन आले. एका दिवसाचंही पाणी चुकलं नाही. तिथं कवठे महांकाळकडच्या सिद्धू नावाच्या शेतकऱ्यानं त्यांना विचारलं म्हणे, "पावणं, तुमचं इंजिन कुठलं?"

आप्पासोंनी भिंतीला लावलेल्या नव्या चाकांकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्या समद्यांचं थोरलं माझ्याकडं हाय. या कवातरी बघाया."

मित्रांनो, आम्हाला वेळेवर तेल द्या, धूळ पुसा. आणि कुणी आमच्याकडं निरखून बघत असेल तर त्याला हाकलू नका, बसायला पाट द्या. ज्या यंत्राकडं कुणी बघितलेलंच नसतं, ते एक दात मोडला की भंगारात जातं.