भिंतीपलीकडचा कॉम्प्युटर

टिकेशने भिंतीला पाडलेल्या भोकातून वायरींचा जुडगा पलीकडे ढकलला आणि ओरडला, "आई, ओढ!"

पलीकडे धानाच्या कोठीजवळ बसलेल्या गिरजाबाईंनी वायरी ओढून घेतल्या आणि भोकाला डोळा लावला.

"डब्बा इकडे, टीव्ही तिकडे. असा कंपूटर कोनाकडे हाये काय रे?"

"आपल्याकडे हाये ना."

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या परिसरात पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा टिकेश आपल्या कामात कुणाचं ऐकत नसे. त्यात हे तर बायकोसाठीचं काम होतं. दीड वर्षापासून दुर्गेश्वरी कॉम्प्युटरसमोर दहा मिनिटं बसली की तिचा चेहरा भाजल्यासारखा व्हायचा, डोकं ठणकायला लागायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मनाचं आहे म्हणून सांगितलं. परतीच्या गाडीत गोंदिया येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून रडत होती.

लग्नाआधीपासून ती टायपिंग करत आलेली. आता छापखान्याच्या उमेंद्रभाऊंनी पोवारी बोलीतल्या लग्नगीतांच्या दोन जाडजूड वह्या पाठवल्या होत्या. आधी शहरातल्या एका ऑपरेटरला काम दिलं, तर त्या पठ्ठ्याने चाळीस पानांची सफाईदार हिंदी करून टाकली. दिवाळीपर्यंत दुर्गेश्वरीने करून दिलं तर ठीक, नाहीतर पुस्तक त्याच हिंदीत निघणार होतं. वह्यांतली अर्धी गाणी गिरजाबाईंनी सांगितलेली, त्यामुळे सासू-सुना दोघींचाही जीव टांगणीला लागला होता.

कॉम्प्युटरच्या डब्याची झळ तिला लागू नये म्हणून टिकेशने तो भिंतीपलीकडे ठेवला, आणि तेवढ्यावर थांबला नाही. त्याने वायफाय काढून टाकलं. कीबोर्ड-माउस वायरचे आणले, स्क्रीन दोन हात मागे सरकवली, अक्षरं बोराएवढी केली. मोबाइल गोठ्यात ठेवायचा नियम केला, त्यामुळे फोन आल्याचं आधी बैलांना कळू लागलं. शेवटी अर्थिंगची तार अंगणातल्या जुन्या हातपंपाच्या पाइपला घट्ट गुंडाळली.

पहिल्याच दिवशी दुर्गेश्वरी तासभर बसली.

"कसं वाटून राहिलं?"

"बरं हाये. खरंच."

त्या दिवशी टिकेशने चौकात सात जणांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

पंधरा दिवसांनी हातपंप पाणी देईनासा झाला. टिकेशने पाइप उपसून पाहिला. वरचा हातभर तुकडा तेवढा लोखंडी, खाली सगळं प्लास्टिक. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याने स्वतःच बदललेलं आणि साफ विसरलेलं. पंधरा दिवस अर्थिंग नव्हतीच, आणि तरीही ती मजेत बसत होती.

म्हणजे डॉक्टर खरं बोलले होते. हे मनात आलं तसा तो घाबरला. तेच वाक्य आता नवऱ्याने तिला ऐकवायचं? त्यापेक्षा जीभ चावून बसणं बरं. त्याने कॉम्प्युटरची वीज बंद केली, मीठ-कोळशाची पोती आणली आणि परसात अर्थिंगचा खरा खड्डा खणायला घेतला.

"आता हे कायले?" गिरजाबाईंनी विचारलं.

"आई, तिले सांगू नको. अर्थिंग नव्हतीच. तरी पाह्य, बरी हाये ना ती?"

"बरी? कोन म्हनते?" गिरजाबाई त्याच्या जवळ येऊन बसल्या. "रोज दुपारी माह्याजवळ येऊन पडते, डोक्यावर ओला फडका घेऊन. म्हनते, यायनं माह्यासाठी भिंत फोडली, आता कोन्या तोंडानं सांगू?"

टिकेशच्या हातातली कुदळ थांबली. त्याला स्वतःची लाज वाटली आणि बायकोविषयी इतकी माया दाटून आली की काय करावं सुचेना. म्हणून तो पुन्हा खणू लागला.

संध्याकाळच्या आत त्याने तार जोडली, वीज सुरू केली, हातपाय धुतले. तो आत गेला तेव्हा दुर्गेश्वरी कामाला बसली होती, एक हात कपाळावर. त्याला पाहताच हात खाली आला.

"उठ," तो म्हणाला. "वही घे आन् अंगनात आईजवळ बस. तू सांग, मी टाइप करतो."

"एका बोटानं?"

"दिवाळीले दोन महिने हायेत अजून."

कुणी सांगितलं असेल, हे तिला कळलं. पदराने डोळे पुसले, वही उचलली आणि खिडकीबाहेर सासूशेजारी जाऊन बसली.

पहिल्या ओळीलाच टिकेश अडला. "एक अक्षर सापडून नाही राहिलं."

डोळे मिटून तिने हवेत बोटं हलवली. "वरची ओळ. डावीकडून चौथं."

सापडलं. तीन ओळी व्हायला अर्धा तास गेला. मग स्क्रीनवरून नजर न काढता त्याने विचारलं, "डोकं?"

खिडकीबाहेर तिने वही मांडीवर ठेवली.

"दुखून राहिलं," ती म्हणाली.

"मंग आज एवढंच."

"नाही," ती म्हणाली. "एक ओळ अजून घ्या."