खालचं कुरण

पुन्हा कोणीतरी चर बुजवला होता. मातीची पोती एकावर एक रचून, वर गवताची ढेकळं दाबून, अगदी बेमालूम. चरकाका फावडं टेकवून बघत राहिले. मागे तुंबलेलं पाणी कुरणात चढलं होतं आणि गवताचे शेंडे तेवढे वर दिसत होते.

"हे त्याचंच काम," ते स्वतःशीच म्हणाले.

तो म्हणजे त्यांचा मेहुणा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. वरच्या अंगाला त्याची जमीन होती. चरांमुळे आपली ओल खाली पळते, ही त्याची तक्रार बहिणीच्या लग्नाइतकीच जुनी. काकांनी पोती उपसून बाजूला फेकली. पाणी खळाळत सुटलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

ही शेतवाडी फार जुनी. मालकाचं घराणं संपलं आणि एका संस्थेने ती घेतली. संस्थेने गोठ्याच्या दगडी भिंती सावरून तिथे गावासाठी सभागृह केलं, कोठारावर नवं छप्पर चढवलं, ज्यांच्या दारात मूठभर माती नाही अशांना भाजीसाठी वाफे दिले. सगळं गाव खूश होतं. काकांच्या मनातली पाल मात्र चुकचुकतच होती. फुकटात कोण कोणाची भिंत बांधतं?

तरुणपणी ते इथे लागले ते चर साफ करायला, आणि तेच करत म्हातारे झाले. गाळ काढायचा, मुळं छाटायची, घुशींनी पोखरलेल्या कडा थापायच्या. म्हणून तर ते चरकाका. खालचं कुरण म्हणजे एरवी नुसती दलदल. पण काकांच्या राज्यात भर पावसातही तिथून चपला घालून जाता येई. आयुष्यात काय केलंत, असं कोणी विचारलं की ते त्या कुरणाकडे बोट दाखवत.

संस्थेच्या व्यवस्थापकांनी त्यांना मोठ्या अदबीने सांगितलं होतं, की आता चरांकडे बघू नका, फळबागेत सावलीत बसून कलमं करा. काकांनी सरळ अर्थ लावला: म्हातारा झाला, बाजूला सारा. त्यांनी मान डोलावली आणि कामावर जाण्याआधी गुपचूप चर साफ करू लागले. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

"तुझ्या भावाला सांगून ठेव, मी काही आंधळा नाही," ते घरी येऊन म्हणाले.

"काय बघितलंत?"

"बघायला कशाला हवं?"

"मग आंधळे असतात तरी चाललं असतं की," ती म्हणाली आणि चहाचा कप आपटून ठेवला.

पण काकांनी डूख धरला तो धरलाच. मेहुणा रस्त्याकडेच्या आपल्या शेतात भाजीला पाणी घालत असताना त्यांनी त्याला चारचौघांत चोर म्हटलं. मेहुण्याने झारी खाली ठेवली आणि निघून गेला. त्या दिवसापासून घरात बायकोचं बोलणं मीठ-मिरचीपुरतं उरलं.

मग एका सुट्टीच्या दुपारी काका अवजारांच्या खोपटात दबा धरून बसले. मेहुण्याला रंगेहाथ धरायचं आणि तसंच बायकोसमोर उभं करायचं, असा बेत होता. बऱ्याच वेळाने हातगाडीचं चाक कुरकुरलं. गाडीवर पोती होती आणि ती ढकलत येत होती संस्थेतली पक्षीवाली बाई. गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात दुर्बीण. कुठला पक्षी कुठे बसतो ते बघणं हीच तिची नोकरी, आणि याला काम म्हणतात हे काकांना कधीच पटलं नव्हतं.

"बाई, तुम्ही?"

बाई दचकली. मग तिची नजर त्यांच्या हातातल्या फावड्यावर गेली. "म्हणजे रोज उघडत होतात ते तुम्ही? आम्हाला वाटलं, पाणी आपल्याकडे चढेल म्हणून वरच्या शेतातले ते गृहस्थ उघडतात."

"मलाही तेच वाटलं," काका म्हणाले. "बुजवतो म्हणून."

हसू आलं ते एकट्या बाईलाच. मग तीही गंभीर झाली. तिने समजावून सांगितलं. चर खणण्याआधी इथे पाणथळ होतं, लांबलांबचे पक्षी उतरत, आसपासच्या विहिरींना पाणी टिकत असे. ते पाणी परत आणायचं म्हणूनच तर संस्थेने ही जागा घेतली. व्यवस्थापकांनी तुम्हाला सांगितलंच असेल, असं तिने धरलं होतं.

सांगितलं नव्हतं, नुसती बाग दाखवली होती. काकांच्या मनातला संशय खरा निघाला होता, माणूस तेवढा चुकला होता.

"मग मी इतकी वर्षं काय केलं, बाई?"

"गाईंना चारा मिळाला, काका," बाई चिखलाकडे बघत म्हणाली. मनाने चांगली होती ती. पण काकांना फार वाईट वाटलं, आणि ते तिच्यापासून लपवणंही त्यांना जमलं नाही. पुढच्या आठवड्यात यंत्र आणून मोठा चर कायमचा बुजवणार आहोत, असं तिने अडखळत सांगितलं.

"यंत्र नको," काका म्हणाले. "मी बुजवतो."

त्याच संध्याकाळी ते मेहुण्याकडे गेले. तिथे हवेबद्दल बोलले, गुरांबद्दल बोलले, चहा प्यायले आणि उठले. माफीचा शब्द काही ओठांवर आला नाही. पण चर बुजवायला सुरुवात केली त्या सकाळी मेहुणा स्वतःचं फावडं घेऊन समोरच्या कडेला येऊन उभा राहिला. दोघांनी मिळून माती लोटली. काका प्रत्येक थर पायाने दाबत होते, चोपत होते, एक थेंबही झिरपू नये म्हणून. आयुष्यात हातचं राखून काम त्यांनी केलं नव्हतं, ते आजही केलं नाही.

पाणी चढायला वेळ लागला, पण चढलं. पलीकडे पांढरे पक्षी उतरले, लाकडी पूल झाला, गावातली माणसं मुलाबाळांना घेऊन येऊ लागली. एकदा काका पुलावर उभे असताना शेजारच्या एका तरुण आईने सहज विचारलं, आधी इथे काय होतं हो?

"कुरण," काका म्हणाले.

"मग तेव्हाही असंच ओलं असायचं?"

"छे," काका ताठ उभे राहत म्हणाले. "खडखडीत कोरडं."