ना लोकरीचा, ना सुताचा

मित्रांनो, मी एक जुना, करड्या रंगाचा विणलेला स्वेटर आहे. अर्धा उसवलेला आहे म्हणून हसू नका. जपानातल्या एका गिरणीत जन्मलो तेव्हा माझा एकही टाका सुटलेला नव्हता. स्वस्तात पडावं म्हणून तिथल्या लोकांनी लोकरीत सूत मिसळलं. हीच भेसळ पुढे माझ्या मुळावर आली.

बोटीतून मी गोव्यात मुरगावला उतरलो. तिथे बेळगावजवळच्या उचगावचा परशराम हमाली करत होता. त्याने मला घेतलं ते वडिलांसाठी. म्हातारा भावकू दम्याने बेजार होता, आणि बेळगावकडची थंडी हाडं फोडणारी. घरात घोंगडं होतं, पण खोकल्याच्या उबळीत ते अंगावर ठरत नसे. निघताना परशरामने माझ्या कडेला हळदीचं बोट लावलं. हळद लावल्याशिवाय नवं कापड अंगात घालायचं नाही, ही त्याच्या घरची रीत.

गोव्याची हद्द संपली की इंग्रजांचा जकात नाका. अंगावरच्या जुन्या कपड्याला जकात नसते, एवढं परशरामच्या कानावर होतं. म्हणून घाट चढल्यावर त्याने मला अंगात चढवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही. नाक्यावरच्या यल्लाप्पा शिपायाने माझी कड उलटून पाहिली.

“जुनं हाय व्हय रं?”

“व्हय. लई दिसांचं.”

“मग हळद अजून पिवळीधमक कशी?”

परशरामची मान खाली गेली. “चुकलं, अण्णा. काय असंल ती जकात घ्या, पर ह्यो आप्पास्नी लवकर पोचू द्या.”

नाक्यावरचे कारकून दत्तोपंत बेळगावचे. माणूस सरळ, पण नियमावर बोट ठेवून चालणारा. “घेईन बाबा, पण कोणत्या दराने? विणलेल्या लोकरी कपड्याला एक दर, सुतीला दुसरा. ते ठरल्याशिवाय मला जकातही घेता येत नाही आणि माल सोडताही येत नाही.”

त्यांनी कात्रीने माझा तुकडा कापला आणि धागे पेटत्या काडीवर धरले. एकाला केस जळल्याचा वास आला, दुसरा कागदासारखा भुरकन जळाला. दत्तोपंत डोकं धरून बसले. नमुना वरच्या कचेरीत गेला. नमुना अपुरा आहे, असा शेरा आला. पुन्हा कात्री. पुढे बाहीचाही नमुना हवा झाला. लुगड्याचा तुकडा कापला तर लुगडं तेवढंच उणं होतं. विणलेल्या कपड्याचं तसं नसतं. एक टाका तुटला की शेजारचा हात सोडतो. मी टेबलावर पडल्या पडल्या उसवत होतो, आणि येणारा जाणारा मला जरा ताणून बघत होता. मला फार राग येई. मी काय अंगात घालायची वस्तू होतो, की शास्त्र्यांच्या वादातला प्रश्न?

परशराम उचगावहून येई, विचारी आणि परत जाई. “आप्पा रोज इचारत्यात,” तो म्हणे.

पौष सरत आला तेव्हा निकाल लागला. मी मिश्र ठरलो. जकात भरून परशरामने मला घाईघाईने घरी नेलं. तोवर माझी एक बाही आणि सगळी पुढची बाजू म्हणजे धाग्यांचा गुंता झाला होता. तो गुंता तसाच त्याने बापाच्या अंगात घातला. म्हाताऱ्याला ऊर्ध्व लागला होता.

“आप्पा, ऊब लागती का?”

“लई ऊब हाय, लेकरा.”

ते खरं नव्हतं. मी त्याच्या छातीवरच होतो. वारा माझ्यातून आरपार जात होता आणि ती छाती गार पडत चालली होती. मला काही करता आलं नाही. दिवस उगवायच्या आत भावकू गेला.

तेव्हापासून मी खुंटीला आहे. परशराम माझ्याकडे बघत नाही, आणि मला फेकतही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी कुडकुडत असेल, तर हाताला लागेल ते आधी त्याच्या अंगावर घाला. ते लोकरीचं की सुताचं, हे सावकाश ठरवा. उशीर झाला तर ती माणसं तक्रारसुद्धा करत नाहीत.