शेवटचा दाखवेल ती वाट

माझ्या भावाने गेल्या वर्षी बायकोला सोडलं आणि दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटला. त्याच्याशी मी बोलत नाही. बोललेच तर शिव्या निघतील. वहिनीला मात्र मी सोडणार नव्हते. पण आता वहिनीच निघाली होती. रविवारी दुपारच्या गाडीने, कायमची, आपल्या मामांच्या गावी. "इथे माझं आता कोण आहे, ताई?" असं माझ्याच तोंडावर म्हणाली. मग मी काय भिंतीवरचं कॅलेंडर होते?

वहिनी कवळ्या बनवते. दातांच्या लॅबमध्ये तिच्या टेबलावर गुलाबी हिरड्यांत बसवलेल्या बत्तीशा ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांच्यामागे ही बाई तोंड शिवल्यासारखी बसलेली. तिचं खाणं सुटलं होतं, झोप उडाली होती. म्हणून मी तिला आमच्या पळणाऱ्यांच्या टोळीत ओढलं. मी स्वतः चष्म्याचं दुकान चालवते आणि पळते ती निव्वळ गप्पांसाठी.

टोळीचे म्होरके क्लचकाका. ते गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे पळतानाही त्यांचा पाय मधूनच नसलेला ब्रेक दाबतो. पूर्वी चपळ मंडळी पुढे दिसेनाशी व्हायची आणि मागचे बिचारे रस्ता चुकून बसने घरी जायचे. तेव्हा काकांनी नियम केला. रस्ता फुटेल तिथे सगळ्यांनी जागच्या जागी उड्या मारत थांबायचं, आणि शेवटचा माणूस येऊन हात करेल तिकडे वळायचं. बाकी कोणी अक्कल पाजळायची नाही.

वहिनीने पहिल्याच दिवशी शेवटची जागा पटकावली ती कायमची. रोज ती धापा टाकत येणार, न बोलता हात करणार आणि एवढी मोठी टोळी निमूट तिकडे पळणार. हळूहळू ती दोन घास जास्त खाऊ लागली. टोळीतले एक आजोबा तिनेच बनवलेली कवळी रुमालात गुंडाळून, खिशात टाकून पळतात. एकदा त्यांना तिने चक्क दटावलं, "तोंडात घाला हो, नाहीतर मांडीला चावेल!" मी रस्त्यातच नाचले. आणि तरीही बाईने तिकीट काढलंच.

रविवारी सकाळी मी तिला शेवटचं म्हणून घेऊन गेले. पोस्टापाशी रस्ता फुटतो, तिथे आम्ही सगळे उड्या मारत थांबलो होतो. वहिनी आली. डोळे भरलेले. तिने हात वर करून हलवला आणि डावीकडे आपल्या गल्लीत वळली. तो निरोप होता. मला स्वच्छ दिसलं, चष्म्यांचं दुकान काय उगाच चालवते?

"डावीकडे!" काका गरजले. अख्खी टोळी डावीकडे.

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि, शप्पथ, तसंच मिटलं. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

"अहो, मी घरी चाललेय!" वहिनी मागे वळून ओरडली.

"चला, चला!" टोळीतल्या जुळ्या नर्स बहिणी एकदम म्हणाल्या.

ती भराभर चालू लागली, तर हेही भराभर. ती पळाली, तर हेही पळाले. मग तिने जो वेग घेतला, तसा मी तिचा जन्मात पाहिला नव्हता. काकांना भरून आलं. "पाहिलंत? आपली शेवटची बघा कशी सुटली!" खिडकीतून एका गृहस्थाने ब्रश तोंडात धरूनच विचारलं, "कोणाला पकडताय?" आजोबा खिसा सांभाळत म्हणाले, "कोणाला नाही. तीच आम्हाला नेतेय!" वहिनी जिना चढता चढता "मागे लागू नका, मागे लागू नका" म्हणत होती आणि हसत होती. अगदी पोट धरून. मी वेडी झाले आनंदाने.

खोलीत शिरलो आणि हसू तिथेच थांबलं. फळ्या रिकाम्या, गादी गुंडाळलेली, दाराशी दोरीने बांधलेल्या दोन बॅगा. सगळे जागच्या जागी उड्या मारत होते, खालच्याचं छत हादरत असणार.

"दुपारची गाडी आहे," वहिनी खाली मान घालून म्हणाली.

काकांनी एक बॅग उचलून खांद्यावर घेतली. "मग स्टेशनवर जाऊ. तू फक्त हात कर, पोरी. तू म्हणशील तिकडे."

नर्स बहिणींनी दुसरी बॅग धरली. सगळे दाराकडे तोंड करून उभे राहिले. ही माणसं खरंच गेली असती हो! वहिनी एकेकाकडे बघत राहिली. हात काही उचलेना.

"आम्ही स्टेशनवर येतो गं," आजोबा म्हणाले, "पण आधी घोटभर पाणी दे."

"पेले बॅगेत आहेत."

"मग काढ की!"

काकांनी बॅग उतरवली. वहिनीने दोरी सोडली. प्रत्येक पेला कपड्यात गुंडाळलेला, म्हणून कपडे निघाले, चादरी निघाल्या. पेले पुरेनात म्हणून दुसरी बॅग उघडली. पातेलं निघालं, वाट्या निघाल्या, बरणीचं झाकणसुद्धा. "काका, बूट बाहेर! ही खोली आहे, मैदान नव्हे," ती खेकसली आणि काका पळत बाहेर जाऊन आले. नर्स बहिणी एका वाटीवरून भांडू लागल्या.

मी कोपऱ्यात बसले होते. पेले माझ्या नाकासमोरून जात होते. आजोबांनी तर तीनदा घेतलं. माझं डोकं तापलं.

"वहिनी, मला नाही का देणार?"

तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. नळाखाली पातेलं धरून म्हणाली, "थांबा हो ताई. आधी पाहुण्यांचं होऊ दे, आपण घरचेच आहोत."

मी डोळे पुसले, उठले आणि तिच्या हातातलं पातेलं घेऊन पाहुण्यांना पाणी द्यायला लागले.